घाटासाठी गिअरबॉक्स

सौसरच्या भिवाजी ढोटेची जुनी मेटाडोर म्हणजे बांगड्यांचं दुकान, आणि जत्रेत नवराबायकोचं झोपायचं घर. तिचा गिअरबॉक्स पार झिजला होता आणि पुढची जत्रा घाटापलीकडे होती.

पांढुर्ण्याच्या भंगारवाल्याकडं दोन जुने गिअरबॉक्स निघाले. भिवाजीनं दोन्ही उघडून पाहिले. एकात दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेले, दुसऱ्यात तिसऱ्याचे.

"ह्या गाड्या कुठं चालत होत्या?"

"सोयरीक करून राहिले का, गाव पुसता ते?" भंगारवाला हसला. "पहिली घाटात. दुसरी नागपूरच्या सपाट रोडवर."

"मंग सपाटीवरचाच द्या. घाट दुसऱ्या गिअरात चढा लागते."

"तिसऱ्यात लय वरडते तो."

"वरडू द्या," भिवाजीची बायको अंबाबाई म्हणाली. "यायच्यासंगं राहून मले सवय आहे."

घाटात भिवाजीनं दुसरा गिअर टाकला. माथ्यापर्यंत तो निसटला नाही.