होयबाचं मत

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटी वाचून दाढीला कोण येतं? सगळे त्याला होयबा म्हणत, आणि या नावालाही तो हो म्हणत असे. दोष त्याचा नव्हता. वस्तरा हातात देताना बापाने एकच मंत्र दिला होता: ज्याच्या गळ्यावर आपलं पातं आहे, त्याच्याशी वाद घालायचा नाही. माणूस तावातावाने मान हलवतो आणि निष्कारण रक्त निघतं.

इच्छामरणाचा कायदा येणार की नाही, यावर पेपरात रकाने भरायला लागले, तेव्हा दुकानात तर चर्चेला ऊतच आला.

"व्हायलाच हवा कायदा," वकील फेसातून म्हणाले. "ज्याचं मरण, त्याचा निर्णय."

"अगदी बरोबर," होयबा म्हणाला.

वकील उठले, त्याच खुर्चीत औषधवाला बसला. "डोंबलाचा कायदा! मग घरोघरी पोरं रोज सकाळी विचारतील, 'काय बाबा, झाली का इच्छा?'"

"विचारतील, विचारतील," होयबा म्हणाला.

"अरे लेका," बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आत्ता तर तू वकिलांच्या बाजूचा होतास!"

"तेव्हा खुर्चीत ते होते ना!"

दुकानात हे खपून जायचं. पण दर रविवारी तो ड्रायव्हरकाकांच्या घरी दाढीला जायचा, आणि तिथे हा विषय पेपरातला नव्हता.

काकांनी जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवल्या. आता असा आजार जडला होता की अंगातला एकेक स्नायू संपावर जात होता. आधी पाय गेले, मग हात, आता जीभही जड व्हायला लागली होती. डोकं तेवढं ठणठणीत. पुढे श्वासही थकेल, तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि यंत्रावर ठेवायचं. हवं की नको ते ठरवून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"गाडी माझी... ब्रेकही माझाच," काका एकेक शब्द ढकलत म्हणायचे. "नळी नको. कायदा झाला... तर एक इंजेक्शन. सुटलो. पटतंय ना तुला?"

"पटतंय ना, काका."

मग तो स्वयंपाकघरात गरम पाणी घ्यायला गेला की काकांची लेक हलक्या आवाजात म्हणायची, "दादा, बाबा काही वेडंवाकडं बोलले तर समजवा हं त्यांना. मी नोकरी सोडेन, पण त्यांना असं जाऊ देणार नाही. यंत्र तर यंत्र. चुकतंय का माझं?"

"छे छे, ताई. बरोबर आहे तुमचं."

दोन्ही खोल्यांमध्ये नुसता एक पडदा होता. बापलेक मात्र एकमेकांशी पंखा, उशी आणि गोळ्या एवढंच बोलत. उरलेलं सगळं होयबाकडे जमा व्हायचं आणि तिथेच मुरायचं.

एका रविवारी काकांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. तेवढ्यात लेक आत आली.

"बाबा, उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मी यंत्राला हो सांगतेय."

"नाही," काका म्हणाले. "याला... विचार. सगळं सांगितलंय. याला... पटलंय."

"काहीतरीच काय! दादांना माझं पटलंय. सांगा ना दादा!"

दोघंही त्याच्याकडे बघायला लागली. सवयीने जिभेवर हो आलाच होता. पण एकच हो दोन दिशांना कसा पाठवायचा? उद्या डॉक्टर विचारणार, आणि काकांची जीभ अशीच किती दिवस चालणार? या घरात जे बोलणं केव्हाच व्हायला हवं होतं, ते त्याच्या मान डोलावण्याने आजवर तुंबून राहिलं होतं.

त्याने वस्तरा मिटून ठेवला.

"मी दोघांनाही हो म्हटलं," तो म्हणाला. "धंद्याची खोड. माझं असं मतच नव्हतं."

"म्हणजे आम्ही इतके दिवस भिंतीशी बोलत होतो?" लेक भडकली.

"भिंत बरी हो, ताई. ती निदान मान डोलावत नाही. काका, मला जे सांगता ते आता यांना सांगा. मी बाहेर थांबतो."

"अरे... अर्धी दाढी!"

"असू दे अर्धी."

तो जिन्यात जाऊन बसला. आतून काकांचे तुटक शब्द ऐकू येत होते, मध्ये लांब लांब थांबे. मग लेकीचं रडणं, आणि मग चक्क बापाला रागावणं. होयबाने स्वतःचं मत बनवून बघायचा प्रयत्न केला. वकिलांचं ऐकलं तर ते खरं वाटायचं, औषधवाल्याचं ऐकलं तर तेही. पण कायदा असो नाहीतर नसो, या दोघांना आधी हे असं एकदा भांडावं लागणारच होतं, एवढं मात्र त्याचं त्याला कळलं. तेवढ्यानेही तो दमला, सवय नव्हती.

दार उघडलं. लेकीने त्याला आत बोलावलं; तिचे डोळे सुजले होते.

"नळी नाही," ती म्हणाली. "उद्या तसं सांगणार आहे. पण बाबा, तो इंजेक्शनचा कायदा आला तरी मी त्यात हात घालणार नाही. ते भांडण बाकी आहे."

"चालेल," काका म्हणाले. "जीभ आहे... तोवर भांडू."

"आणि दादा, तुमचं? आता खरं सांगा."

होयबा मिटलेल्या वस्तऱ्याकडे बघत म्हणाला, "नळीचं काकांचं बरोबर वाटतं. कायद्याचं मात्र... नाही कळत अजून मला."

फेस सुकला होता; तो पुन्हा लावून होयबाने वस्तरा उघडला. काकांना आता गाल फुगवता येत नव्हता. आत बसलेल्या गालाची कातडी एका हाताने ताणून धरणं त्याला जमेना.

"ताई, इथे बोट ठेवून जरा वर ओढता?"

बापाच्या चेहऱ्याला असा हात तिने कधी लावला नव्हता. तिने बिचकत गाल धरला आणि नको तितका ताणला.

"हळू," काका फेसातून म्हणाले. "गाल आहे... रबर नाही."