द्वारकाशी भांडणाऱ्या शमीम आपा

नळदुर्गच्या आमच्या छोट्या वाचनालयात एक जुनी, जाडजूड कादंबरी होती. तिच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं पात्रांशी भांडायचं. नायिका द्वारका आपली पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावते, त्या पानाशेजारी लिहिलेलं, 'अगं बोल की! तोंड शिवलंय का?' चित्रकार व्हायचं राहून गेलेला तिचा दीर खिडकीत बसून उसासे टाकतो, तिथं, 'यानं नुसती दाढी वाढवली.'

मी तिथली ग्रंथपाल. पुस्तक खराब करणारा वाचक शोधणं मला भागच होतं. तो सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात शिवणकामाची टेप होती. शमीम आपा, वय पन्नाशीच्या पुढं, घरी बायकांचे कपडे शिवणाऱ्या. मी पान उघडून समोर धरलं. त्या जराही बिचकल्या नाहीत.

"व्हय, म्याच लिवलं. खोडरबर द्या, खोडते. पर आदी तुमी वाचा, मग खोडू."

मी वाचलं, आणि खोडरबर काढलंच नाही. आमची ओळख झाली ती अशी.

त्या कादंबरीत कुणाचंच मनासारखं होत नाही. द्वारकाला शिकायचं असतं, दिराला चित्रं काढायची असतात, सासऱ्यांना गावात दवाखाना बांधायचा असतो. शेवटी दीर कचेरीत कारकुनी करतो, सासरे अंथरुणाला खिळतात आणि द्वारका तापानं जाते. मला ते वाचून रडू यायचं. आपांना राग यायचा. एकदा मी विचारलं, "आपा, एवढा राग का हो?" हातातल्या ब्लाउजला काज करता करता त्या म्हणाल्या, "सातवी झाली आन अब्बांनी शाळेतनं काढलं. मला नर्स व्हायचं व्हतं. म्या तरी कुठं बोलले, म्याडम? म्हणून तर तिचा राग येतो."

पुढं वाचनालयात त्या कादंबरीवर एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं. ते छान बोलले. नियतीपुढं माणसाचं काही चालत नाही, असा त्यांचा सूर होता. टाळ्या पडायच्या आत मागच्या रांगेतून आपा उठल्या.

"सर, किस्मतीचं नाव नका घेऊ. चारशे पानांत सासूनं तिला जेवलीस का म्हणून इचारलं, पाणी भरलंस का म्हणून इचारलं. तुला काय पायजे, असं एकानंबी इचारलं न्हाय. दिरालाबी न्हाय, सासऱ्यालाबी न्हाय."

प्राध्यापक म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

 संध्याकाळी घरी जाऊन आपांनी काय केलं, ते मला त्यांच्या सुनेनं, नसरीननं, नंतर सांगितलं. नसरीनचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष लग्नामुळं राहिलं होतं आणि आता पदरात दोन वर्षांची मुलगी होती. आपांनी तिला परातीसमोरून उठवलं आणि विचारलं, "तुला काय पायजे?"

"काही नको, अम्मी."

"हे द्वारकाचं उत्तर झालं. तुझं सांग."

नसरीननं पीठ लागलेले हात पुसले. मग म्हणाली, "शिकायचंय. शिकवायचंय."

आपांचा मुलगा, नसरीनचा नवरा इरफान हायवेवर पंक्चरचं दुकान चालवायचा. तो चिडला. "लोकं काय म्हणतील? आन पोरीला कोण बघणार?"

"पोर म्या बघते. आन लोकांचे कपडे म्या शिवते. कुणाचं माप किती, मला ठावं हाय."

त्यानंतरची चार वर्षं मी जवळून पाहिली. नसरीन सकाळची एसटी धरून सोलापूरच्या कॉलेजला जायची. आपा पहाटे उठून तिचा डबा करायच्या आणि दिवसभर नातीला शेजारी बसवून मशीन चालवायच्या. गल्लीतली काही गिऱ्हाइकं तुटली. आपांच्या थोरल्या दिरांनी बोलणं टाकलं. बायका दारावरून जाताना मुद्दाम आत डोकावू लागल्या, तेव्हा आपांनी मशीनच उचलून दारापुढच्या ओट्यावर आणलं. "बगायचंच हाय तर नीट बगा."

एकदा नसरीन भौतिकशास्त्रात नापास झाली आणि आता बस झालं म्हणून रडत बसली. आपांनी परीक्षेचा फॉर्म पुढ्यात ठेवला. "रडायचं तर रड. हातानं फॉर्म भर." तो भरून होईपर्यंत त्या शेजारून हलल्या नाहीत. पुढच्या खेपेला विषय सुटला. मग बी.एड.ही झालं.

नोकरी लागली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ईट गावच्या एका खासगी शाळेत. नातीला सांभाळायला आपाही निघाल्या. तोवर इरफानचा राग विरला होता. त्यानंच मशीन टेम्पोत चढवलं, दोरीनं आवळून बांधलं आणि दर जुम्म्याला येईन म्हणाला. त्यांना सोडायला मीही गेले.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हाला ऑफिसात बोलावून चहा मागवला. आपा उभ्याच राहिल्या.

"चहा नको, सर. मला आठवीच्या वर्गात बसू द्या. सातवी पास झाले व्हते. आठवीचा वर्ग कसा असतो, ते बगितलंच न्हाय."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतः पुढं होऊन त्यांनी वर्गाचं दार उघडलं.

आपा शेवटच्या बाकावर बसल्या. नातीला घेऊन मी दारात उभी होते. नसरीन आरशावर पडलेला प्रकाश कसा परततो, ते फळ्यावर काढून दाखवत होती. आवाज थरथरत होता. आकृती संपवून तिनं विचारलं, "कुणाला समजलं नाही?"

 पहिल्याच दिवशी नव्या बाईंपुढं हात कोण वर करणार?

शेवटच्या बाकावरून एक हात वर गेला. आपा उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून, इतकी वर्षं जिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती त्या सुनेला म्हणाल्या, "मला न्हाय समजलं. परत एकदा सांगता का, म्याडम?"

नसरीननं फळा पुसला आणि नव्यानं आकृती काढू लागली. आता तिचा आवाज थरथरत नव्हता. तेवढ्यात खिडकीजवळच्या दोन मुलींनीही हात वर केले.