बारा रकान्यांची लग्नपत्रिका

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मला बोल लावू नका. ही फजिती मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण राजुऱ्यात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि फजिती झाली ती माझ्याच लग्नपत्रिकेत!

दुकान टाकण्याआधी मी नागपूरला डिझाइनचा कोर्स केला होता. तिथे सरांनी ग्रिड शिकवला. म्हणजे काय, तर पानावर आधी उभ्या-आडव्या रेघा आखून घ्यायच्या आणि मजकुराची प्रत्येक ओळ त्या रेघांना धरून बसवायची. छापताना रेघा काही उमटत नाहीत, पण पान कसं नीटनेटकं वाटतं. मला तर वेडच लागलं. जेवायला बसलो तरी ताटातल्या वाट्या एका रेषेत सरकवायचो. आई म्हणायची, "जेव ना बाप्पा, काय मापून राह्यला?"

गिऱ्हाइकांना मात्र ग्रिड काही पटेना. आमच्याकडे पत्रिकेत कोरी जागा दिसली की तिथे एक मामा बसवायचा, अशी पद्धत. मी किती जणांशी भांडणार? म्हणून ठरवलं, निदान आपल्या लग्नाच्या पत्रिकेत तरी कोणाचं ऐकायचं नाही.

बारा रकाने पाडले. वर डावीकडे माझं नाव, उजवीकडे स्वातीचं, मधे मोकळी जागा. माझ्या नावाच्या बरोबर खाली एका चौकटीत निमंत्रक, म्हणजे माझे तीन भाटवे, बहिणींचे नवरे. श्री. चंद्रशेखरराव, श्री. पुरुषोत्तमराव, श्री. अनिलराव. सगळ्यात लांब नाव वर, सगळ्यात आखूड खाली. काय सुरेख उतरंड जमली होती! मी स्वतःच पाच मिनिटं बघत बसलो.

तुमच्या लक्षात आलं ना काय घोळ झाला तो? माझ्या नाही आलं. अनिलराव आमचे सगळ्यात थोरले जावई!

पत्रिकेची पहिली प्रत घुग्घुसला पोचली आणि थोरल्या ताईचा फोन आला. रडत होती.

"काय करून ठेवलं रे तू? हे लग्नाले येत नाई म्हणून राह्यले."

"काऊन?"

"तूच विचार त्याईले. आन् हे नाई आले त मी तरी कशी येऊ?"

या ताईनं मला कडेवर खेळवलंय. पहिली हळद तिच्याच हातची लागायची, हे लहानपणापासून ठरलेलं. ताईशिवाय कसलं लग्न?

लॅपटॉप पाठीला बांधला, मोटरसायकल काढली आणि ट्रकांची धूळ खात घुग्घुस गाठलं. भाऊजी खाणीतून पहिली पाळी करून नुकतेच आले होते. खुर्चीत बसले होते, हातात पत्रिका. मी समजावू लागलो.

"भाऊजी, ह्याच्यात ग्रिड आहे."

"कुठी?"

"तो दिसत नाई."

"मंग?"

"पण असते. त्याच्यापायी नावं लांबीनं लावा लागली."

"म्हणजे आता जवायाचा मान लांबीनं मोजतं का तू?"

"तसं नाई, भाऊजी, त्या रेघा..."

"तुह्या रेघा मले दिसून नाई राह्यल्या. माह्यं नाव खाली आहे, थे दिसून राह्यलं."

सरांनी हे शिकवलंच नव्हतं. तिथेच लॅपटॉप उघडला आणि भाऊजींचं नाव सगळ्यांच्या वर नेलं.

"वर आलं," भाऊजी म्हणाले, "पण बाकीच्यायएवढंच दिसते."

मोठं केलं.

"आनखी जरासं."

आणखी मोठं केलं. मग दुसरे दोघं रुसतील म्हणून त्यांचीही नावं थोडी वाढवली. चौकट फुगली. खाली मंगल कार्यालयाचा पत्ता, त्याला हलवता येईना, म्हणून चौकट वर वाढवली. त्या चौकटीला मी पत्रिकेच्याच क्रीम रंगाचं अस्तर दिलं होतं, म्हणजे आत भरीव रंग भरला होता, एवढं लक्षात असू द्या.

माझ्या दुकानात पाटी आहे, 'मजकूर तपासून सही करावी. नंतर तक्रार चालणार नाही.' नियम म्हणजे नियम! दुसऱ्या दिवशी नमुना घरच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येकानं आपापलं नाव शोधलं आणि पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. मी रेघा तपासल्या, एक ओळ हलली नव्हती. भाऊजी मुद्दाम राजुऱ्याला आले, नमुना बघून म्हणाले, "आता कसं बरोबर झालं!" आणि झोकात सही केली. पत्रिका छापल्या, वाटायला सुरुवात झाली, एक गठ्ठा स्वातीच्या घरी आरमोरीलाही गेला.

तीन दिवसांनी स्वातीचा फोन.

"पत्रिका पाह्यली. लय सुंदर झाली."

मी फुशारलो. "ग्रिड आहे ना त्याच्यात!"

"हाव. तिन्ही भाऊजी येऊन राह्यले, वाचलं. फक्त एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"तुमी येऊन राह्यले ना? का अनिल भाऊजीसोबतच लगन लावू?"

पत्रिका उचलली आणि पहिल्यांदाच रेघा सोडून नावं वाचली! उजवीकडे चि. सौ. कां. स्वाती. तिच्या शेजारी डावीकडे, ठळक अक्षरात, श्री. अनिलराव. माझं नाव? ते त्या अस्तराखाली गाडलं गेलं होतं.

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "आता मान जरा जास्तच झाला बे." आणि बॉलपेन घेऊन माझ्या शेजारी बसले. उरलेल्या पत्रिकांवर आम्ही दोघांनी हातानं माझं नाव लिहिलं, कुठे चढतं, कुठे उतरतं.

लग्न छान झालं. पहिली हळद ताईनंच लावली, तेव्हा मी मनापासून रडलो.

पण वाटल्या गेलेल्या पत्रिका परत कुठून आणणार? स्वातीचे एक चुलत आजोबा आहेत आरमोरीला. आम्ही सगळे गेलो की अनिल भाऊजींना जावई म्हणून पाटावर बसवतात, आग्रह करकरून वाढतात. आणि माझ्याकडे वळून विचारतात, "तुमी कोनाकडचे, बाप्पा?"