गालाची माफी

आमच्या शाळेच्या अध्यक्षांना लहान मुलांचे गाल ओढायचा शौक. एवढ्या वर्षांत त्यांनी अर्ध्या मैसूरचे गाल ओढून लांब केले असतील. एका पोराचा गाल त्यांनी व्यासपीठावर धरला आणि सोडला तो थेट हुणसूरच्या बसस्टँडवर, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचे आणि सगळ्याजणी पोट धरून हसायच्या. हसायच्या, कारण गाल आमचे नव्हते.

मी तिसरीला शिकवते. शुक्रवारी एक तास जीवनशिक्षणाचा असायचा. दात, आंघोळ, मैत्री, भांडण, आणि शेवटी ‘माझं शरीर माझं आहे’. हा धडा पुस्तकात अर्ध्या पानाचा. उरलेल्या अर्ध्यावर फुलपाखरू. म्हणून मी त्याचं नाटक केलं. मी कधी मुका मागणारी मावशी व्हायचे, कधी मांडीवर ओढणारा मामा. मुलांनी एक पाऊल मागे जायचं, हात पुढे करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, “बेडा!” कन्नडमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळावं: नको. पोरं अशी ओरडायची की मेटगळ्ळीच्या कारखान्यांतले लोक जेवणाचा भोंगा झाला समजून डबे उघडायचे.

दसऱ्याला शाळेत बाहुल्यांची आरास मांडली. उद्घाटनाला अध्यक्ष. त्यांना फुलं द्यायला माझ्या वर्गातली एक बारीकशी मुलगी उभी केली होती. त्यांनी फुलं घेतली आणि हात निघाला गालाकडे. ती एक पाऊल मागे, हात पुढे. “बेडा, अंकल.”

अध्यक्षांना वाटलं, लाजली. ते आणखी वाकले.

“बेडा!”

माईक शेजारीच होता. वरच्या पायरीवरच्या राजा-राणीच्या लाकडी बाहुल्यांनीसुद्धा माना वळवल्या. माझी छाती अशी फुगली की ब्लाऊजची शिवण उसवायची तेवढी राहिली.

दुपारी प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावलं. “सोमवारी प्रार्थनेनंतर ती सगळ्यांसमोर अध्यक्षांची माफी मागेल.”

“कशाबद्दल?”

“उद्धटपणाबद्दल.”

“मॅडम, गाल तिचा आहे.”

“आणि शाळा त्यांची आहे, मिस.”

मुलीचे वडील संध्याकाळी गेटपाशी भेटले. तेही आमच्यासारखेच मैसूरच्या जुन्या मराठ्यांतले. त्यांच्या पणजोबांनी महाराजांच्या फौजेत असताना वाघाच्या कानफटात मारली होती म्हणे. माझ्याही पणजोबांनी मारली होती. बहुधा तोच वाघ असावा. त्या दोघांची आम्ही पतवंडं माना खाली घालून उभी.

“अक्का, सुम्ने, उगाच आपलं, सॉरी म्हणून टाकू दे की,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षी धाकट्याला पहिलीत घालायचंय. सीट त्यांच्या हातात.”

मुलगी त्यांचा शर्ट धरून होती. “मिस, मी बरोबर केलं ना? तुम्हीच शिकवलं.”

“बरोबर केलंस.”

“मग सॉरी कशाला?”

आम्ही दोघं मोठी माणसं स्कूटरच्या आरशाकडे बघत राहिलो.

सोमवारी तिनं सॉरी म्हटलं. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी पोर, पण आवाज इतका बारीक की माईकलाही कान लावावा लागला असेल. अध्यक्ष खूश. “गुड गर्ल!” आणि माफ करायची त्यांची पद्धत तर एकच. हात निघाला.

या वेळी ती मागे सरली नाही. डोळे घट्ट मिटून, गाल पुढे करून, दवाखान्यात सुई टोचून घ्यायला उभं राहावं तशी उभी राहिली.

माझं डोकं भडकलं. अजूनही आठवलं की भडकतं. व्यासपीठाच्या सगळ्या पायऱ्या मी साडीसकट एका उडीत चढले आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“माफीचं ठरलं होतं, सर. गालाचं ठरलं नव्हतं.”

त्यांचा हात माझ्या नाकापासून वीतभर. ओढाच माझा, म्हटलं मनात, मग दाखवते वाघ कसा मारतात ते. नाही ओढला. तोच हात त्यांनी दुसऱ्याला जोडला, सगळ्या शाळेला नमस्कार केला आणि राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. राष्ट्रगीत लागल्यावर कोण काय बोलणार!

धाकट्याच्या सीटला अजून कुणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. वडील गेटवर मला ओळख दाखवत नाहीत. माझा जीवनशिक्षणाचा तास काढून घेतला. तिथे आता सुलेखन. “मुलांचं अक्षर फार बिघडलंय, मिस,” मॅडम म्हणाल्या.

बिघडलंय खरं. म्हणून दर शुक्रवारी मी फळ्यावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत एकच वाक्य वळणदार अक्षरात लिहून देते आणि मुलं ते पानभर उतरवतात: मला हात लावण्याआधी मला विचारा. ती मुलगी पेन्सिल इतकी दाबून लिहिते की कागद फाटतो. मी तिला हळू लिही म्हणत नाही.