पाठमोरी टिन चिमनी

त्या शनिवारी ड्रोसिला खारबुलीने चूल पेटवलीच नाही. लैतुमख्राच्या चढावर तिचं जादोहचं दुकान. डुकराच्या मटणात शिजवलेला तो भात खायला कॉलेजातली पोरं, टॅक्सीवाले, चर्चचे पास्टर, सगळेच यायचे. नाताळ आणि रविवार सोडले तर दुकान बंद पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे दाराला फळ्या लावलेल्या बघून शेजारचा शिंपी काळजीने चौकशीला आला. सगळ्या गावासारखा तोही तिला कॉंग, म्हणजे ताई, म्हणायचा.

"कॉंग, घरात कुणी गेलं की काय?"

"कुणी गेलं नाही. मीच चाललेय. टिन चिमनी बघायला."

शिंप्याला हसू आलं. "तू? अगं, ते लोक रोज तुझ्याकडेच तर जेवतात!"

"जेवताना बघतेच. वाजवताना बघायचंय."

शिंप्याचं बोलणं खरं होतं आणि म्हणूनच तिला ते झोंबलं. टिन चिमनी ही शिलाँगची जुनी रॉक मंडळी. ती जन्मली तीच मुळी ड्रोसिलाच्या दुकानामागच्या खोलीत. नावही तिथलंच, छपरातून वर गेलेल्या, गंजून वाकलेल्या पत्र्याच्या धुराड्यावरून पडलेलं. सुरुवात केली ड्रोसिलाच्या थोरल्या भावाने. पण लग्न झाल्यावर खासी रीतीप्रमाणे तो बायकोच्या घरी, मावलाईला राहायला गेला. जाताना गिटार घेऊन गेला आणि मित्र मात्र बहिणीच्या गळ्यात घालून गेला.

ड्रोसिला घरातली धाकटी लेक. धाकट्या लेकीला घर मिळतं, असं सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात. घर मिळतं म्हणजे चूल मिळते, अंथरुणाला खिळलेली आई मिळते, लग्न न केलेला मामा मिळतो, आणि कुणाचं कुठे काही बिनसलं की तो माणूस पिशवी घेऊन हिच्याच दारात येतो. ड्रोसिलाने हे सगळं निस्तरलं. कुरकुरत निस्तरलं, पण निस्तरलं.

मैदानात कार्यक्रम असला की दुकानात सर्वांत जास्त गर्दी. कार्यक्रम सुटला की भिजलेली, घसे बसलेली पोरं लोंढ्याने यायची आणि त्यांना गरम भात लागायचा. त्यासाठी दुपारपासून रांधायला लागायचं. मैदान काही लांब नव्हतं. वारा इकडचा असला तर ड्रमच्या ठोक्यांनी पातेल्यांवरची झाकणं थरथरायची. ती भात वाढत असताना एकेक जण सांगायचा, "कॉंग, आज काय वाजवलंय म्हणून सांगू! तू हवी होतीस!" आणि लगेच ताट पुढे करायचा, "थोडा रस्सा घाल."

तालमी तिच्या भिंतीपलीकडेच चालायच्या, हे खरं. पण तालमीत गाणं पुरं होतं का कधी? गाणारा वानफ्रांग दोन कडवी म्हणायचा आणि थांबायचा. ड्रमवाला डोनबोर म्हणायचा, तू घाई केलीस. वानफ्रांग म्हणायचा, तूच ढिला पडलास. मग भांडण, मग चहा, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या एकूण एक गाण्याची सुरुवात ड्रोसिलाला तोंडपाठ होती. शेवट एकाचाही ठाऊक नव्हता.

"पुढच्या वेळी नक्की ये, ड्रोसी," ते म्हणायचे. पुढच्या वेळी आईला ताप असायचा. त्याच्या पुढच्या वेळी पोटात दारिहुन होती. मग नवरा गेला. पुढच्या वेळा अशा करता करता चाळीस वर्षं झाली, आणि चाळिशीचा मोठा सोहळा ठरला, तेव्हा तिने लेकीला बजावलं, "दारि, दोन तिकिटं काढ. उभ्याची. अगदी पुढची."

"मेइ, तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत ना? मग मी बघते त्यांचं काय करायचं ते."

दोघी मैदानात लवकर पोहोचल्या. ड्रोसिलाने नवा जैनसेम नेसला होता, पण पायात चक्क लेकीचे खेळायचे बूट घातले होते. कठड्याजवळ उभ्या असलेल्या पोरांनी तिला ओळखलं. "अरे सरका, कॉंग आलीय! आपल्याला जेवू घालणारी आहे, उद्या कमी वाढेल हां!" असं म्हणत त्यांनी तिला पहिल्या रांगेत जागा करून दिली. समोर मंच होता. मधोमध डोनबोरचे ड्रम मांडलेले होते. ड्रोसिलाने कठडा दोन्ही हातांनी पकडला. कुणी ओढून नेलं असतं तरी सुटली नसती अशी पकड होती ती.

आणि नेमकी ओढून न्यायचीच वेळ आली. छातीवर बिल्ला लावलेला आयोजकांचा एक माणूस घाम पुसत पुसत आला.

"कॉंग ड्रोसिला! अहो तुम्ही इथे काय करताय? आम्ही तुम्हाला सगळीकडे शोधतोय! तुमचा सत्कार आहे!"

"कसला सत्कार?"

"टिन चिमनीची अन्नपूर्णा म्हणून! तुम्हाला सांगायचं नव्हतं. गंमत होती."

"मला नको सत्कार. मी तिकीट काढून आलेय."

"अहो असं कसं! मंत्रीसाहेबांच्या हस्ते आहे. दोन मिनिटांचं काम. झालं की लगेच खाली."

ड्रोसिला नाही म्हणत राहिली. पण पोरांनीच टाळ्या पिटल्या, दारिहुनने पाठीवर हात ठेवून ढकललं, "जा ना मेइ, मान मिळतोय तर घे!" आणि इतक्या लोकांसमोर हात झटकायची तिला लाज वाटली. मागे वळून पाहिलं तेव्हा तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी उभं राहिलंसुद्धा होतं.

मंत्रीसाहेब यायला उशीर झाला. आल्यावर त्यांनी संगीत, युवक, रस्ते आणि पाणीयोजना या सगळ्यांवर भाषण केलं. मग आणखी दोघे बोलले. मग पास्टरांनी प्रार्थना केली, ती मात्र थोडक्यात आटोपली, म्हणून ड्रोसिलाने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. मग एकेकाचा सत्कार. जुना ध्वनिवाला, जुना पोस्टरवाला, कुठल्याशा कार्यक्रमाला ट्रक देणारा. शेवटी ती. खांद्यावर शाल आली आणि हातात काचेची भलीमोठी तसबीर आली. तसबिरीत टिन चिमनीचे चौघे जण तिच्याच दुकानात बसून जेवत होते.

"झालं ना? आता मी खाली जाते," ती म्हणाली.

"थांबा कॉंग, जरा बसा. साहेब बसलेत तोवर शिडीवरून कुणाला सोडत नाहीत. पोलिसांचा नियम."

मानकऱ्यांसाठी सोफे मांडले होते, तेही मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, माणसाएवढ्या काळ्या स्पीकरांच्या आड. ड्रोसिला पास्टर आणि ट्रकवाल्याच्या मधे बसली. तसबीर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मांडीवर घेतली. आणि टिन चिमनीने सुरुवात केली.

समोरचं मैदान एकदम उसळलं. तिला दिसल्या त्या चार पाठी. वानफ्रांगच्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरत गेला, तेवढा दिसला. डोनबोरचं टक्कल दिसलं. आवाज सगळा पुढे जात होता, मागे येत होता तो नुसता गदारोळ, भरल्या पातेल्यात कुणी डाव आपटावा तसा. शब्द एक कळेना. पहिल्या गाण्याची सुरुवात तिने ओळखली, मग ट्रकवाला तिच्या कानाशी ओरडून सांगू लागला की त्या काळी डिझेल किती स्वस्त होतं.

"गप बसा हो जरा!" ती ओरडली.

"काय?"

"गप बसा म्हटलं!"

"हो हो, फारच छान वाजवतात!" तो म्हणाला.

ती दोनदा उठली, दोनदा बिल्लेवाल्याने हात जोडून तिला बसवलं. मंत्रीसाहेब मोबाइलवर बोलत होते, पण उठत नव्हते. ते उठले तेव्हा शिडी मोकळी झाली. ती धडपडत खाली उतरली, तसबीर सावरत मंचाला वळसा घालून निघाली, तोच लाउडस्पीकरची परवानगी संपल्याचं सांगण्यात आलं. भाषणांनी खाल्लेला वेळ भाषणांच्या नव्हे, गाण्यांच्या हिशेबात धरला होता. ती कठड्यापाशी पोहोचली तेव्हा मंचावर माणसं वायरी गुंडाळत होती.

दारिहुन धावत आली. तिचा आवाज पार बसला होता, डोळे चमकत होते. "मेइ! काय झालं म्हणून सांगू! तू तर वरच होतीस, तुझी मजा!"

ड्रोसिलाने तसबीर तिच्या हातात दिली आणि घराची वाट धरली.

सोमवारी दुपारी वानफ्रांग आणि डोनबोर नेहमीच्या बाकावर येऊन बसले. ड्रोसिलाने त्यांच्यापुढे ताटं अशी आदळली की डाळ सांडली.

"सत्कार आवडला नाही वाटतं बाईसाहेबांना," डोनबोर म्हणाला.

"कुणाच्या डोक्यातून निघालं ते?"

"माझ्या," वानफ्रांग म्हणाला. "का गं? इतकी वर्षं खाऊ घातलंस. म्हटलं, लोकांसमोर मान द्यावा."

"तुझ्या मानाला लाव आग, वान! माझ्याकडे तिकीट होतं. पहिली रांग होती. तुझ्या त्या मानाने मला तुझी पाठ दाखवली. पाठ तर मी रोज बघते, हात धुवायला मोरीकडे जातोस तेव्हा!"

डोनबोर सांडलेली डाळ पुसू लागला. मग वानफ्रांग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, असं करू. संध्याकाळी मागच्या खोलीत वाजवू. फक्त तुझ्यासाठी. खुर्चीत बस आरामात."

"मागच्या खोलीत चाळीस वर्षं वाजवलंत. मला चार लोकांत उभं राहून, धक्के खात बघायचंय. बाकी सगळ्या गावाने बघितलं तसं. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

त्यांना ते खरंच कळलं नाही. पण डोनबोर उठता उठता बोलून गेला की महिन्याभराने जोवाईला एका कॉलेजात कार्यक्रम आहे, दुपारी, उजेडी. ड्रोसिलाने ते ऐकलं. कुणाला काही बोलली नाही. लेकीलाही नाही.

जोवाईला जायला तिने सुमो पकडली, मागच्या बाकावर कोंबडीच्या टोपलीशेजारी बसून गेली. फाटकावर तिकीट काढलं. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं, ते बरंच झालं. पोरापोरींच्या धक्क्यांतून वाट काढत ती पहिल्या रांगेत पोहोचली. भाषणं नव्हती. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला.

आणि ती समोर उभी राहून बघत होती. अखेर बघत होती.

वानफ्रांगचा आवाज वर चढत नव्हता. उंच जागा आली की तो माइक लोकांकडे वळवायचा, पण या पोरांना शब्द कुठे ठाऊक? मधेच शांतता पडायची. एकटी ड्रोसिलाच ओरडून म्हणायची, आणि दोन कडव्यांपुढे तीही गप्प. गिटारचे अवघड तुकडे एक नवा मुलगा वाजवत होता. वानफ्रांग तेवढा वेळ स्टुलावर टेकून पाणी पीत होता. तिच्या लाडक्या गाण्याचा शेवट आला. तो काही विशेष नव्हताच. गाणं हळूहळू मावळलं, ड्रमचे दोन ठोके, संपलं. एवढंच? एवढ्यासाठी ती इतकी वर्षं भिंतीला कान लावून होती?

डोनबोरचा चेहरा मात्र तिने पहिल्यांदाच पाहिला, वाजवतानाचा. तोंड उघडं, भुवया वर, नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखा. दुकानात तोंड वाकडं करून मीठ कमी आहे म्हणणारा डोनबोर हा नव्हेच. ती ते बघत राहिली. मग चौथ्या गाण्यानंतर त्याचा खांदा दुखू लागला आणि ड्रमवरही कुणी दुसराच बसला.

कार्यक्रम संपल्यावर ती त्यांना भेटायला गेली नाही. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. म्हातारे झाले म्हणून माणसांवर रागवायचं कसं?

परतीच्या सुमोत तिच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली. दुसऱ्या मैत्रिणीला सांगत होती, "गिटारवाला नवीन होता म्हणून निभावलं गं. ते म्हातारे आता थांबतील तर बरं. कीव येते."

ड्रोसिलाच्या मनात घटकाभरापूर्वी हेच आलं होतं. तरी ती मुलीवर खेकसली. "तुला काय कळतंय? तोंड आवर. त्यांना तरुणपणी ऐकायला हवं होतं!"

मुलगी दचकली. पण पोर साधी होती, उलट बोलली नाही. कुतूहलाने म्हणाली, "खरंच? कसे वाजवायचे हो तेव्हा? तुम्ही बघितलं असेल ना."

ड्रोसिलाने तोंड उघडलं. सांगायला काहीच नव्हतं. झाकणं थरथरायची, एवढं होतं. ते काय सांगायचं?

"नाही," ती म्हणाली. "मी नाही बघितलं."

मुलीने जरा वाट पाहिली, मग कानात वायरी खुपसल्या. ड्रायव्हरने कसलीशी हिंदी गाणी मोठ्याने लावली. ड्रोसिलाने त्याला आवाज कमी करायला सांगितलं. त्याने केला आणि दोन वळणं गेल्यावर पुन्हा वाढवला.

त्या हिवाळ्यात डोनबोरच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि टिन चिमनीने कार्यक्रम घ्यायचं थांबवलं. जोवाईचा शेवटचा ठरला. आपण तिथे होतो हे ड्रोसिलाने त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही. दारिहुनने ती तसबीर हौसेने दुकानात लावली होती. ड्रोसिलाने ती काढून मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.