अर्जाशिवाय फाईल मिळणार नाही

व्याह्याबरोबर शेवटचं काय केलंत, असं कोणी विचारलं तर सांगतो: भांडलो. चोपड्याला त्याच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, दोन कदेली खुर्च्यांवर समोरासमोर बसून, चहात उंडा पाव बुडवत भांडलो. त्यात विशेष काही नाही. माझी मुलगी त्याच्या घरात दिल्यापासून आम्ही दोघांनी दुसरं काही केलेलंच नाही. पण एक सांगून ठेवतो, आणि मी कोणाचं भय धरून बोलणारा माणूस नाही: चोपड्याच्या नदीपासून वाळपईच्या बाजारापर्यंत एवढा हेकट, एवढा नियमाचा, एवढं डोकं उठवणारा माणूस देवाने दुसरा घडवला नाही. घडवला असता तर दोघांनी एकमेकांना अर्ज लिहिण्यातच जन्म काढला असता. तोंडावर मी त्याला ‘व्याहीबाब, तुम्ही’ म्हणायचो आणि पाठीमागे ‘तो’. आता तोंडावर म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून इथे ‘तो’च लिहितो. कोणाला खटकलं तर खटकू दे.

तो सरकारी कचेरीत कारकून होता. सगळी नोकरी एका खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज घेण्यात गेली. घेण्यापेक्षा परत करण्यात जास्त. निवृत्त झाला तेव्हा कचेरीने त्याला शाल दिली, नारळ दिला, पण खिडकी तो मनातल्या मनात उचलून घरी घेऊन आला. मग त्याने फोनवर ग्रुप काढला. पेडण्यात आणि डिचोलीत घराघरांत पडलेल्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या. कुणाच्या आज्याचं भजन, कुठल्या देवळातली आरती, बायकांच्या फुगड्या, धालोची गाणी, पाळण्याच्या ओव्या. बुरशी पुसून, फिती पेन्सिलीने गुंडाळून त्याने त्या सगळ्यांच्या फायली केल्या आणि एका जाड वहीत नोंदल्या. इथपर्यंत माणूस सोन्यासारखा. पण फाईल हवी असेल तर मागावी लागे, आणि मागणं म्हणजे त्याच्या लेखी पूजेसारखं होतं. सोवळं मोडलं की पुन्हा पहिल्यापासून.

आधी नमस्कार. मग नाव, गाव, तालुका. मग आपण आधी शोधलं का, ते. मग गाणं कुठलं, कुणी गायलेलं. मग कारण. एका वेळी एकच फाईल. मिळाली की पूर्ण ऐकायची आणि मग पोच द्यायची. पोच दिल्याशिवाय दुसरी मागायची नाही. वेळ दहा ते एक, तीन ते पाच. दुसरा शनिवार बंद. कोणी नुसतं ‘ते भजन पाठवा’ लिहिलं की हा उत्तर द्यायचा, ‘कोणतं? कोणाचं? आपण कोण? दार उघडं दिसलं म्हणून स्वयंपाकघरात शिरलात काय?’ एकाने मागितलं की खाली दहा जण ‘मलाही’, ‘मलाही’ लिहीत. त्यांना तो लिही, ‘पंगतीत मलाही म्हणून ओरडत नाहीत. पान मांडून बसतात.’ वाळपईचे एक मोठे भजनीबुवा आहेत, स्वतःला फार समजतात. त्यांनी लिहिलं, ‘आपल्याकडचे सर्व पाठवून द्यावे.’ याने उत्तर दिलं, ‘समुद्र पाठवता येत नाही. तांब्या घेऊन या.’ बुवा महिनाभर रुसले होते.

घरात काही वेगळं नव्हतं. जेवताना माझ्या मुलीने ‘मीठ’ म्हटलं तर हा मिठाच्या बरणीवर हात ठेवून विचारायचा, “कोणी मागितलं? कशात कमी आहे?” त्याच्या स्वतःच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, एकदा घरातल्या घरात हाक मारून एक आरती मागितली. हा म्हणाला, “ग्रुपवर ये.” दोघे एकाच सोफ्यावर बसले होते.

पण न्याय असा की जो नीट मागेल त्याच्यासाठी हा जीव टाकी. डिचोलीच्या एका कारखान्यात कोल्हापूरकडचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी एकदा सगळं रीतसर लिहिलं आणि कारण म्हणून लिहिलं, ‘हे भजन माझे वडील म्हणत, मला शेवटच्या दोन ओळी आठवत नाहीत.’ व्याह्याने ते वाचून चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. फाईल एवढी मोठी होती की त्या मिस्त्रींच्या फोनात उतरेना, तर हा म्हातारा चोपड्याहून डिचोलीपर्यंत स्कूटरने गेला, कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला आणि पेनड्राइव्ह हातात देऊन परत आला. वर मला म्हणतो, “याला म्हणतात मागणं, व्याहीबाब. शिका.”

मी कसला शिकतो? मी तिसरी पास. सुर्ल्याच्या खाणीवरून माल भरून धक्क्यापर्यंत ट्रक चालवला, खाणी चालू होत्या तोवर. आम्ही हॉर्नवाले लोक. आम्हाला रस्ता हवा असला की आम्ही हॉर्न वाजवतो, नमस्कार लिहीत नाही. ग्रुपमध्ये मला मुलीने घातलं. पहिल्याच दिवशी मी कोणाच्या तरी भजनाला अंगठ्याचं चित्र टाकलं. व्याह्याने सगळ्यांदेखत लिहिलं, ‘अंगठा निरक्षरांसाठी असतो.’ मी आणखी चार अंगठे टाकले. म्हटलं, अंगठा आमचा हक्क आहे. आमच्या बापाने त्याच्यावर जमीन घेतली.

आता खरं काय ते सांगतो. माझी बायको दोन वर्षांमागे गेली. ती मूळची चोपड्याची, व्याह्याच्याच वाड्यावरची. नात झाली तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला ती दीड महिना तिथे जाऊन राहिली होती. पाळणा हलवताना ओव्या म्हणायची. एका दुपारी व्याह्याने फोन पुढे धरला आणि तिचं गाणं धरून ठेवलं. तिने मला तेव्हा सांगितलं होतं, “अहो, व्याहीबाबांनी माझी ओवी घेतली.” मी म्हटलं, “बरं. आणि परत कधी येतेस? इथे माझ्या जेवणाचे हाल चाललेत.”

ती काय गायची ते मी कधी बसून ऐकलेलं नाही. ती परसात कपडे धुताना गुणगुणायची आणि माझी चाहूल लागली की गप्प व्हायची. मीही कधी ‘थांबू नको’ म्हटलं नाही. तिच्या बाराव्यानंतर सगळे पाहुणे गेले आणि घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला, तेव्हा मला त्या ओवीची आठवण झाली. आमच्याकडे तिचा फोटो होता. आवाज नव्हता. तो सगळ्या जगात एकाच जागी होता आणि तिथे बसला होता हा खडूस.

मी ग्रुपवर तोंडी निरोप टाकला, “व्याहीबाब, तिची ओवी पाठवा.” उत्तर आलं, ‘तोंडी अर्ज स्वीकारले जात नाहीत,’ आणि मला ग्रुपबाहेर काढलं. मुलीने परत आत घेतलं. तिने सासऱ्याकडे शब्दही टाकला. तो म्हणाला, “बाये, या घरातलं काय हवं ते ने. फाईल मात्र ज्याची त्याने मागायची.” मग मी एका बोटाने टाइप केलं, ‘लक्ष्मीचे गाणे पाठवा.’ परत. नमस्कार नाही, गाव नाही. मी नमस्कार आणि गाव घातलं. परत. कारण लिहिलेलं नाही. मी लिहिलं, ‘कारण: तुम्हाला काय करायचे आहे?’ आता तरी लाजेल असं वाटलं. त्याने थंडपणे लिहिलं, ‘कारण चालेल. परंतु या नावाची गायिका दप्तरात नाही.’

दोन वर्षं मी त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. तोही नमला नाही. सणाला, नातीच्या वाढदिवसाला आम्ही भेटायचो, इतर सगळ्यावर भांडायचो आणि या गोष्टीला दोघेही हात लावत नसू. परवाच्या त्या संध्याकाळी मात्र माझ्याने राहवलं नाही. उंडा चहात तसाच सोडला आणि म्हटलं, “व्याहीबाब, माझ्याच बायलेचो आवाज, आनी माकाच अर्ज?”

“तुम्हालाच. दुसरं कोण मागणार?”

“केला ना अर्ज! नाव घातलं, गाव घातलं.”

“नाव चुकीचं घातलंत.”

“चाळीस वर्सां संसार केलो हांवें! आनी नांव चुकीचें?”

एवढा वेळ तो खिडकीमागची मराठी बोलत होता. आता कप मेजावर आपटला आणि घरच्या बोलीवर आला. “चोपड्यांत लक्ष्मी नांवाचें चेडूं जल्मूंकच ना!” मग परत मराठीवर येऊन हळू आवाजात म्हणाला, “हा नियम माझा नव्हे हो. तिचा आहे. मी नोंद करताना विचारलं, नाव काय घालू? म्हणाली, जन्मले त्या नावाने घाला. त्या नावाने मागायला कोणी आलं तर द्या. आणि हसून म्हणाली, येणार नाही कोणी.”

मी उठलो. निरोप न घेता निघालो. म्हापशाला बस बदलली, खिडकीपाशी बसलो आणि रागाने लाल झालो होतो तो मनाने हळूहळू आमच्या लग्नाच्या मांडवात जाऊन पोचलो. ताटात तांदूळ पसरले होते. आपल्यात रीतच आहे, नवऱ्याने अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव काढायचं. तिसरी पास माणूस मी. ‘लक्ष्मी’तला तो ‘क्ष्म’ मला येईना. शेवटी भटाने माझा हात धरून काढला. सगळा मांडव हसला, तीही मुंडावळ्यांआड हसली. तिचं आधीचं नाव मला लिहायला सोपं गेलं असतं. ते मला ठाऊक होतं. शपथेवर सांगतो, ठाऊक होतं. पण लग्नानंतर मी तिला ना या नावाने हाक मारली ना त्या. ‘अगो’ म्हटलं की ती यायची.

बसमध्येच ठरवलं, उद्या सकाळी दहाच्या ठोक्याला अर्ज टाकायचा आणि याचं तोंड बंद करायचं. पण उजाडायच्या आत मुलीचा फोन आला. तो झोपेतच गेला होता. मला त्याचा फार राग आला. दोन वर्षं मला वाट पाहायला लावली आणि स्वतः काही चार तास थांबला नाही.

दुपारी त्याला पोचवून आलो आणि रात्री मुलीकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर हॉर्न वाजवत पाव देऊन गेला, तेव्हा मी बलकांवात माझ्या कदेलीवर येऊन बसलो होतो. समोरची रिकामी होती. जावई बाहेर आला. डोळे सुजलेले. बापाचा फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, “मामा, हा घ्या. मामींची ओवी शोधून घ्या. अर्ज वगैरे आता काही नको.”

मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावर खेकसलो. “ठेव तो खाली! बाप गेला म्हणून कचेरी बंद पडली काय? दहाला उघडते. वही काढ आणि समोर बस.”

तो बिचारा वही घेऊन बापाच्या कदेलीवर बसला. मी माझा फोन उघडला. ग्रुपवर फुलांची चित्रं, दिव्यांची चित्रं, जोडलेले हात, इंग्रजीतली तीन अक्षरं. एकालाही नाव नाही, गाव नाही. तो असता तर सगळ्यांना परत पाठवलं असतं. मी एका बोटाने सुरुवात केली आणि दहा वाजता धाडलं (माझं नाव इथे गाळतो, तिथे पूर्ण घातलं होतं):

‘नमस्कार. माझे गाव सुर्ला, तालुका डिचोली. आधी शोधले नाही, ही माझी चूक. गायिकेचे नाव शेवंती, गाव चोपडे. पाळण्याची ओवी हवी. कारण: ऐकायला.’

लगेच वाळपईच्या बुवांनी लिहिलं, ‘काका, वेळकाळ पाहत जा. आज तरी फाईल मागू नये.’ मी त्यांना एक अंगठा टाकला. काल दुपारपासून त्या ग्रुपवर व्याह्याला आवडेल असं एकच काही आलं होतं आणि ते मी लिहिलं होतं.

जावयाने वहीत बोट फिरवलं. ‘श’चं पान. तो म्हणाला, “मामा, आहे.” आणि पाठवलं.

मी फोन कानाला लावला. आधी पाळण्याची कडी कुरकुरली. मग व्याह्याचा आवाज, तोच, खिडकीमागचा: “गायिकेने नाव सांगावे.” मग ती खाकरली, हसली आणि म्हणाली, “शेवंती.”

तिथे मी थांबवलं. पुढची ओवी ऐकलेली नाही. पूर्ण ऐकल्याशिवाय पोच द्यायची नाही आणि पोच दिल्याशिवाय दुसरी फाईल मागायची नाही, असा नियम आहे. असू दे. मला दुसरी कुठे हवी आहे?