शंभराचा काटकोन

अमाराला त्याची चूक दाखवणं म्हणजे आपल्या हाताने भांडण ओढवून घेणं. चौथीतून शाळा सुटलेला हा माणूस चाळीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात राबला. काफ गावापासून सरहद्दीपर्यंतचे रस्ते त्याच्या दुर्बिणीखालून गेलेले. निवृत्त झाला तरी ऐट कमी नाही. नात रबाबचा भूमितीचा गृहपाठ तोच करून घ्यायचा, खात्यात वर्षानुवर्षं वापरलेला आणि निरोपाला भेट मिळालेला कॅल्क्युलेटर पुढ्यात ठेवून.

आज मात्र पोरगी प्रत्येक उत्तर पुन्हा ताडून पाहत होती. आधीचे दोन गृहपाठ लाल रेघांनी भरून परत आले होते. तिसराही तसाच आला तर बाप लसाद तिला शाळेतून काढून मोनास्तिरला आत्याच्या शिवणकारखान्यात धाडणार होता, आणि तो बोलला की करायचाच. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, बांग झाली की वही घेऊन तो कॅफेत बसणाऱ्या गणिताच्या मास्तरांकडे, सी नूरींकडे, जाणार होता. पाचही गणितं झाली होती, पण रबाबला एक उत्तर पटत नव्हतं. तिने आजोबांना विचारलं.

"जद्दी, त्रिकोणाच्या तिन्ही बाजू दहा. मधून लंब टाकला. पायाचा अर्धा भाग पट्टीने पाच येतो. साठचा कोसाइन घेतला तर पाच पूर्णांक अठ्ठ्याऐंशी."

"पट्टी वाकडी असेल."

"दहाचं निम्मंसुद्धा वाकडं?"

"तोंड वर करून बोलू नकोस. या मशीनवर मी रस्ते काढलेत. एक तरी चुकला का?"

"मग काटकोनाचा साइन काढा. एक यायला हवा."

अमाराने कळा दाबल्या. "हा घे एक. झालं समाधान?"

"तुम्ही शंभर दाबलंत."

"मग? काटकोन शंभराचाच असतो."

"नव्वदाचा असतो, जद्दी. शाळेत सगळे नव्वदच शिकवतात."

म्हाताऱ्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. खात्यात काटकोनाचे शंभर भाग करायचे, हिशेबाला सोपे पडतात म्हणून. कॅल्क्युलेटर त्याच मापावर लावलेला होता. जगात दुसरं माप चालतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"आधीचे दोन गृहपाठ कशावर केलेस?"

"यावरच. तुम्हीच म्हणालात ना."

तेवढ्यात बांग झाली आणि लसाद दारात उभा राहिला.

"दे वही."

"थांब," अमारा म्हणाला. "उत्तरं चुकलीत, पण पोरीची नाही, माझी चूक आहे. तिन्ही वेळची."

"बाबा, जन्मात कधी चूक कबूल केली नाहीत. आज नातीला पाठीशी घालायला खोटं बोलताय?" लसादने वही ओढली आणि तो चालू लागला.

अमारा कॅल्क्युलेटर घेऊन मागे धावला. कॅफेत खात्यातले जुने सोबती बसले होते. त्यांच्यासमोर तो सी नूरींना म्हणाला, "वही उघडू नका अजून. काटकोन किती अंशांचा ते मला ठाऊक नव्हतं. पोरीला मी बुडवलं."

कुणी हसलं नाही. सी नूरींनी कॅल्क्युलेटरचं माप बदललं, साठचा कोसाइन काढला आणि आकडा लसादला दाखवला. बरोबर अर्धा.

"तिची रीत कधीच चुकली नव्हती," ते म्हणाले. "मला कळेना, पोरगी हे आकडे आणते कुठून. तिन्ही गृहपाठ पुन्हा करून आणू दे."

लसाद वही मिटून उठला, आपली खुर्ची बापाकडे सरकवली आणि शाळा चालूच राहील हे पोरीला सांगायला घराकडे निघाला.